टर्की: अख्खी, उघडलेली, तळलेली की धुरावरची?

कढीलिंब | ९ नोव्हेंबर २०२५, २१:४०

दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा अमेरिकी सण, टर्कीच्या जेवणाचा) आदल्या रात्री इथे "टर्की अजून दगड आहे, काय करू?" असा एक तरी धागा निघतो. तेव्हा कुणी काहीही सांगून उपयोग नसतो. म्हणून यंदा अडीच आठवडे आधीच काढतेय.

आधी माझे प्रताप ऐका. न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो ते २०१४ साल. हौसेने १६ पौंडांची गोठलेली टर्की आणली आणि बुधवारी रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवली. चिकनचं पाकीट सकाळपर्यंत सुटतं, मग ही का नाही सुटणार? गुरुवारी सकाळी दाबून बघितली तर बोट दुखलं. नवऱ्याने बाथटबमध्ये गार पाणी भरलं आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलत दुपारपर्यंत तिला न्हाऊ घातलं. ओव्हनमध्ये गेली संध्याकाळी पाचला, बाहेर आली साडेनऊला. तोवर चौदा पाहुण्यांनी पुलाव, कोशिंबीर, साबुदाणे वडे असं सगळं संपवलं होतं. कापायला घेतली तर पोटातून एक भिजलेलं कागदी पाकीट निघालं. मान, काळीज, पोटा, सगळं त्यात. पाकीट आत असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! छातीचा तुकडा तर एका काकांनी मठ्ठ्याच्या घोटाबरोबर औषधासारखा गिळला.

पुढे ओव्हनमध्ये चालणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत केली. मऊ झाली, पण भाजल्यासारखी नाही, उकडल्यासारखी. साल तर ओल्या रुमालासारखं. मग तीन वर्षं मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचा प्रयोग. त्यासाठी पाच गॅलनची बादली आणली, ती फ्रीजमध्ये मावेना, म्हणून गराजमध्ये बर्फात. गेली चार वर्षं फक्त कोरडं मीठ चोळते आणि ३२५ फॅ. वर अख्खी भाजते. बरी होते. बरीच म्हणायची. "वा!" असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

यंदाची गंमत वेगळी आहे. साबा (सासूबाई) इथे आहेत. २७ तारखेला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, म्हणजे घरात घट आणि महालक्ष्मीचं व्रत. आदल्या दिवशी बुधवारी चंपाषष्ठी, म्हणजे भरीत-रोडगा. तेव्हा टर्कीला मुहूर्त शनिवार, २९. बारा माणसं, त्यातली चार शाकाहारी, टर्की १४ पौंडांची, ओव्हन एकच.

मला हवाय प्रत्यक्ष अनुभव. कणा काढून सपाट करणं, तेलात तळणं, धुरावर भाजणं, सूव्हीड (हवाबंद पिशवीत घालून ठरावीक तापमानाच्या पाण्यात शिजवणं). ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा. रेसिपीचे व्हिडिओ मीही बघितलेत.

शंकेखोर | ९ नोव्हेंबर, २२:०५

रुमाल टाकून ठेवतो.

१४ पौंड म्हणजे साडेसहा किलोच्या आतबाहेर. पुण्यात एवढ्यात पाच कोंबड्या येतात आणि पाच वेगळे प्रकार होतात. हे एवढं धूड एकसंध भाजायचा अट्टहास कशासाठी? (प्रामाणिक शंका आहे, खोडसाळ नाही.)

ह्यूस्टनकर | ९ नोव्हेंबर, २३:३१

तळा! दुसरं काही बघूच नका. आम्ही सलग सहा वर्षं तळतोय. लुईझियाना शेजारी, तिथूनच हे लोण आलं.

३० क्वार्टचं उंच पातेलं, प्रोपेनची शेगडी, शेंगदाण्याचं तेल. तेल ३५० फॅ. ला आलं की शेगडी बंद करायची, पक्षी आकड्याला लावून अगदी सावकाश सोडायचा, मग पुन्हा पेटवायची. पौंडाला तीन ते साडेतीन मिनिटं धरा. १२ पौंडांची टर्की पाऊण तासाच्या आत बाहेर. साल असं होतं की पोरं आधी सालावर तुटून पडतात. आतून रसदार, कारण वेळच कमी मिळतो कोरडं पडायला. आणि कढीलिंब, तुमचा ओव्हन दिवसभर मोकळा!

तेल किती घ्यायचं ते आधी पाण्याने मोजा. पातेल्यात पक्षी ठेवा, बुडेल इतकं पाणी ओता, पक्षी काढा, पाणी कुठवर उतरलं तिथे खूण करा. मग पातेलं कोरडं ठाक पुसा. इथे आळस केलात की तेल उतू जाऊन शेगडीवर.

निशिगंध | १० नोव्हेंबर, ०७:५०

@ह्यूस्टनकर, तुमची शेवटची ओळ ठळक करायला हवी. आमच्या गल्लीत एका घरी गराजच्या तोंडाशी हा कार्यक्रम चालला होता. टर्की मधून नीट सुटलेली नव्हती. तेलात गेली आणि बर्फाची एकदम वाफ. पाणी तेलाखाली जातं, तिथे क्षणात उकळतं आणि तेलाला वर फेकतं. तेल ज्वाळेवर आलं. तो आवाज अजून कानात आहे. सुदैवाने माणसं मागे सरली होती, गराजचं दार मात्र काळं झालं.

तळायचीच तर घरापासून लांब, उघड्यावर, सपाट जमिनीवर. लाकडी डेकवर नाही, छपराखाली नाही. पक्षी पूर्ण सुटलेला आणि आतून-बाहेरून टिपलेला. पोरं आणि कुत्री घरात. आणि आग लागलीच तर पाणी ओतायचं नाही.

ह्यूस्टनकर | १० नोव्हेंबर, ०८:२०

मान्य, शंभर टक्के. मी तर दोन दिवस फ्रीजमध्ये उघडी ठेवून सुकवतो. तळणीचा खरा तोटा वेगळाच आहे. साडेतीन-चार गॅलन तेल लागतं, स्वस्त नाही. आणि खाली रस टपकत नाही, म्हणजे ग्रेव्हीला काही उरत नाही. आमच्याकडे ग्रेव्ही कुणी खात नाही म्हणून चालून जातं.

सूक्ष्मदर्शी | १० नोव्हेंबर, १२:१५

शंकेखोर, तुमचा प्रश्न योग्य आहे. सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे.

टर्कीची छाती आणि तंगडी ही शिजवायच्या दृष्टीने दोन वेगळी मटणं आहेत. पाळीव टर्की उडत नाही, दिवसभर पायांवर उभी. म्हणून पायाच्या स्नायूंत मायोग्लोबिन (मांसाला लाल रंग देणारं प्रथिन) जास्त, रंग गडद, आणि जोडणारं कोलॅजेनही भरपूर. ते विरघळून मऊ पडायला १७५ फॅ. च्या आसपास जावं लागतं. छातीत हे सगळं फार कमी. ती १६० च्या वर गेली की रस पिळून बाहेर पडायला लागतो. आता अख्खा पक्षी पाठीवर झोपवला की छाती वर, थेट आचेत. आणि मांडीचा सांधा खाली, दोन्हीकडून झाकलेला. जिला कमी आच हवी तिला जास्त मिळते, जिला जास्त हवी तिला कमी. मांडी होईपर्यंत छातीचा भुसा. तुमच्या काकांचा मठ्ठा इथून आला.

इथे जी जी पद्धत कुणी सांगेल ती या एका अडचणीवरची तोड आहे. कुणी मीठ लावून छातीला उसना ओलावा देतं, कुणी तेलात घालून वेळच कापतं, कुणी पक्षी उघडून दोघांची जागा बदलतं.

अमेरिकी कृषी खात्याचा आकडा १६५ फॅ., म्हणजे ७४ सें. छातीचा जाड भाग आणि मांडीचा आतला भाग, दोन्हीकडे टोचून बघायचं, हाडाला सुई लागू द्यायची नाही. १६५ ला साल्मोनेला हा जंतू तत्काळ मरतो. त्याखाली मरत नाही असं नाही, वेळ लागतो. १५० ला धरून ठेवलं तर काही मिनिटं. सूव्हीडवाले छाती १४५ ला तीनेक तास ठेवतात ते याच हिशेबावर. पण घरात म्हातारी माणसं, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर हा हिशेब करत बसू नका. १६५ गाठा आणि मोकळे व्हा.

आणि ते छातीत खोचलेलं प्लास्टिकचं बटण वर उडतं ना, त्यावर विसंबू नका. बहुतेक वेळा ते उडतं तेव्हा छाती वाळून गेलेली असते. पंधरा-वीस डॉलरचा थर्मामीटर घ्या.

पाटलीणबाई | १० नोव्हेंबर, १९:४४

सूक्ष्मदर्शी, आधी एक सांगा. धुवायची की नाही? आमच्यात मटण-कोंबडी हळद-मीठ लावून तीन पाण्यातनं काढल्याबिगर चुलीवर चढत नाही. इथं शिकागोत आल्यावर सगळी म्हणतात धुऊ नका.

सूक्ष्मदर्शी | १० नोव्हेंबर, २०:०२

नका धुऊ. धुतल्याने जंतू जात नाहीत, ते जातात आचेने. नळाखाली एवढं मोठं धूड धरलं की शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर. कागदाने टिपा, कागद फेका, हात धुवा.

कोथरूडच्या काकू | १० नोव्हेंबर, २२:३०

मी स्वतः खात नाही, पण वाचतेय. न धुता! अरे देवा.

पाटलीणबाई | ११ नोव्हेंबर, ०९:१०

काकू, मी तर अजून गुपचूप धुते 😀 मग सिंक ब्लीचनं पुसते.

कढीलिंबताई, मिठाचं माझ्याकडून ऐका. बादलीचा उद्योग सोडलात ते बरं केलंत. पाण्यात बुडवलेली टर्की रसदार लागती खरी, पण तो रस पाण्याचा. चव फिकी. कोरडं मीठ लावलं की आधी आतलं पाणी बाहेर येतं, त्यात मीठ विरघळतं, आणि मग तेच परत आत मुरतं. वर फ्रीजमध्ये उघडं ठेवलं की साल वाळून कागदासारखं होतं, तेच पुढं कुरकुरतं. किलोला आठ ते दहा ग्रॅम मीठ. ग्रॅममध्येच मोजा! डायमंड क्रिस्टल ब्रँडचं कोशर (जाड्या दाण्याचं) मीठ कपभर १४० ग्रॅमच्या आत असतं, मॉर्टनचं कोशर त्याच कपात जवळजवळ २४० भरतं, साधं बारीक मीठ त्याहून जड. चमच्याच्या मापानं एका साली माझी टर्की खारं वांगं झाली होती.

मसाला. मी कांदा-लसूण मसाला लोण्यात कालवून सालाच्या खाली घालते. छातीकडून दोन बोटं घालायची, हळूहळू साल सुटतं, न फाडता पार मांडीपर्यंत हात जातो. वरून नुसतं तेल-मीठ. मसाला वर लावला तर मिरची-खोबरं जळून कडवट होतंय, लाल रंगाच्या मोहात पडू नका.

खारीबिस्किट | ११ नोव्हेंबर, २३:५८

सिॲटलहून. कणा काढा. माझं मत एवढंच, बाकी तपशील.

दणकट कात्री घ्या, भाजीची नको. पक्षी पालथा घालून शेपटाकडून मानेपर्यंत कण्याच्या एका बाजूने कापत जायचं, मग दुसऱ्या. बरगड्या कट् कट् तुटतात. मांडीच्या सांध्याशी जोर लागतो, तिथे मी चक्क ओट्यावर चढून गुडघे टेकवते. कणा बाहेर. पक्षी उलटा करून दोन्ही तळवे छातीच्या हाडावर ठेवून सगळा भार द्या. एक जाड आवाज येतो, लेक त्या क्षणी खोलीतून पळते. झालं, पुस्तक उघडल्यासारखा सपाट.

आता छाती मध्यभागी आणि तंगड्या कडेला, उघड्या. सगळं एका पातळीत. ४२५ फॅ. वर १२-१४ पौंडांना साधारण दीड तास. अख्खीला ३२५ वर पौंडाला १३-१५ मिनिटं लागतात, म्हणजे तीन-साडेतीन तास. तुमचा ओव्हन दोन तास आधी मोकळा. आणि कणा, मान हाताशी आलेत, त्याचा रस आदल्या रात्रीच शिजवून ठेवता येतो. काळीज मात्र त्यात घालू नका, कडवट होतं.

तोटा: टेबलावर मधोमध ठेवून फोटो काढायला ती चांगली दिसत नाही. गाडीखाली आल्यासारखी दिसते, खोटं कशाला बोला. आम्ही ओट्यावरच कापून परातीत रचून आणतो.

शंकेखोर | १२ नोव्हेंबर, ००:२०

सपाटच करायची तर सरळ तुकडेच का करू नयेत? छाती वेगळी, तंगड्या वेगळ्या, दोन तव्यांत.

खारीबिस्किट | १२ नोव्हेंबर, ००:२६

करा की. चवीला कदाचित तेच सगळ्यात उत्तम. मग तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तुमचं तुम्हाला मिळालं.

धुरकट | १३ नोव्हेंबर, १८:०९

धुरावरची बाजू कुणी मांडेना म्हणून लिहितो. कॅन्सस सिटी. स्मोकर २५० ते २७५ फॅ., १२ पौंडांना पाच-सहा तास, थंडी-वारा असेल तर जास्त. लाकूड सफरचंदाचं किंवा चेरीचं. हिकरी थोडं. मेस्कीट पक्ष्याला लावू नका, कडू होतं. पक्षी धूर पटकन पितो.

चव? आमच्या गावी विदर्भात शेतात हुरड्याच्या आगटीवर जे काही भाजलं जातं, त्याच्या जवळ जाणारी इथली एकच गोष्ट. पण साल रबरासारखं होतं. मी शेवटी पंधरा मिनिटं कडक ओव्हनमध्ये टाकतो. आणि कापल्यावर आत गुलाबी कडा दिसली की पाहुणे घाबरतात. ती कच्ची नसते, धुरातल्या वायूंनी मायोग्लोबिनचा रंग धरून ठेवलेला असतो. थर्मामीटर दाखवायचा.

१४ पौंडांहून मोठी धुरावर लावू नका. एवढ्या मंद आचेवर मोठा पक्षी फार वेळ कोमट राहतो, ते धोक्याचं.

मांडवीकाठ | १४ नोव्हेंबर, ११:३३

थोडं अवांतर. या पक्ष्याला पोर्तुगीज 'पेरू' म्हणतात. पणजीत आमच्या शेजारच्या घरी नाताळसाठी पाळलेला होता. शेजारीण आईला म्हणाली, "यंदा पेरू भरणार आहोत." आईला वाटलं, पेरूची भाजी. 😀

इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, फ्रेंच 'दँद', म्हणजे पुन्हा हिंदचा. आहे तो मूळचा मेक्सिकोकडचा. आणि आपल्याकडे तो आला तो गोव्यामार्गे. जहांगीरने मुकर्रबखानाला गोव्याला धाडलं होतं, तिथल्या दुर्मीळ चिजा आणायला. १६१२ साली त्याने जे आणलं त्यात टर्की होती. बादशहाला ती इतकी नवलाची वाटली की त्याने स्वतः तिचं बारकाईने वर्णन लिहिलं, डोकं आणि मान घडोघडी रंग बदलतात वगैरे, आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

त्याने ती खाल्ली की नाही, हे शंकेखोर विचारतीलच.

शंकेखोर | १४ नोव्हेंबर, ११:५०

विचारणारच होतो.

भक्तिभाव | १५ नोव्हेंबर, २०:१५

मार्गशीर्षात घट मांडलेल्या घरात टर्की? गुरुवार टाळून शनिवारी केली म्हणजे झालं का? आमच्याकडे पूर्ण महिना वर्ज्य असतो.

कढीलिंब | १५ नोव्हेंबर, २१:०१

ज्याच्या त्याच्या घरची रीत. साबा मूळच्या मालवणच्या, त्या गुरुवारचे गुरुवार पाळतात आणि शुक्रवारी उत्तरपूजा झाली की बाजाराची पिशवी काढतात. त्यांना काहीच अडचण नाही, फक्त एक अट घातलीय: "गुरुवारी त्या पक्ष्याला कुणी हात लावायचा नाही. शुक्रवारी सकाळी कलश हलवला की मग तुझं काय ते मीठ-बीठ लाव."

त्यामुळे सोमवारपासून गराजमधल्या फ्रीजमध्ये, खाली परात ठेवून. चार ते पाच पौंडांना एक दिवस, म्हणजे १४ पौंडांना तीन-चार दिवस. शुक्रवारपर्यंत आपोआप सुटेल. मिठाला चोवीस तास मिळतात. पुरतील ना, पाटलीणबाई?

आणि ठरलं. कणा काढणार. तळणं या घरात शक्य नाही, नवरा आकाशकंदील लावतानासुद्धा शिडीवरून पडला.

पाटलीणबाई | १५ नोव्हेंबर, २१:४०

पुरतील. दोन दिवस मिळाले तर बेस, पण चोवीस तासांत काम होतंय. आणि टर्की घेताना पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, विसरू नका.

कढीलिंब | २४ नोव्हेंबर, १९:१२

आत्ताच आणली. बारीक अक्षर वाचलं. "८ टक्क्यांपर्यंत द्रावण" टोचलेलं आहे! म्हणजे पाणी, मीठ, काय काय. दुकानात न टोचलेली फक्त २२ पौंडांची उरली होती, ती माझ्या ओव्हनमध्ये सपाट मावणार नाही. आता मीठ लावू की नको?

सूक्ष्मदर्शी | २४ नोव्हेंबर, १९:३०

लावा, पण निम्म्याहून कमी. २५ ग्रॅम पुष्कळ झालं, तेही मुख्यतः तंगड्यांना आणि आतल्या बाजूने. बिनमिठाचं लोणी वापरा. साल सुकवायला उघडी ठेवायचं मात्र चुकवू नका.

पाटलीणबाई | २४ नोव्हेंबर, २०:०५

आणि कांदा-लसूण मसाल्यातही मीठ असतंय, ते धरा हिशेबात.

कढीलिंब | ३० नोव्हेंबर, १०:२६

वृत्तांत. फोटो नाहीत, का ते पुढे कळेल.

बुधवारी ओव्हनमध्ये वांगी भाजली, गुरुवारी खीर-पुरीचा नैवेद्य. शुक्रवारी सकाळी कलश हलवला, साबांनी अक्षता टाकल्या, आणि मला म्हणाल्या, "जा आता." गराजमध्ये जाऊन बघते तर परातीत वाटीभर गुलाबी पाणी, टर्की मऊ. हुश्श. पोटात हात घातला तर कडेला अजून बर्फाचा पापुद्रा होता, पण पाकीट सुटून आलं. (अकरा वर्षांनी का होईना, वेळेवर काढलं!) मानेच्या पोकळीत दुसरं छोटं पाकीटही असतं, नवीन लोकांनी तिथेही बघा.

कात्री. खारीबिस्किट, तुम्ही म्हणालात ते मांडीच्या सांध्याचं खरं निघालं. मी आणि नवरा दोघांनी जोर लावूनही कात्री अडकली. साबा पाच मिनिटं मागे उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी मला बाजूला केलं, सांध्याची फट बोटाने चाचपली, सुरीचं टोक तिथे घातलं, हलकेच फिरवलं. सुटला. "हाडावर कशाला भांडतंस? जोड बघ." इसवण (सुरमई) कापलेला हात.

२५ ग्रॅम मीठ, त्यात चमचाभर बेकिंग पावडर सालासाठी. शनिवारी सकाळी साल खरंच चर्मपत्रासारखं ताणलं होतं. सालाखाली लोणी, आणि मसाला फक्त दोन चमचे.

दुपारी सव्वातीनला ४२५ वर आत. पंचवीस मिनिटांत घरभर निळा धूर आणि तिन्ही धोक्याच्या घंटा एकदम! लोणी टपकून कोरड्या ट्रेमध्ये जळत होतं. हे आधी कुणी सांगितलं नाहीत रे!! खिडक्या उघड्या, बाहेर चार अंश, नवरा टॉवेल हलवतोय, आणि शाकाहारी पाहुणे नेमके तेव्हाच दारात. ट्रेमध्ये उभे चिरलेले कांदे, गाजर आणि दोन वाट्या पाणी ओतलं. धूर थांबला. नंतर तेच कांदे ग्रेव्हीत गेले आणि टर्कीपेक्षा आधी संपले.

पावणेपाचला छाती १६०, मांडी १७८. बाहेर काढली. अर्धा तास ओट्यावर राहू दिली तोवर छाती आपोआप १६६ वर गेली. त्या अर्ध्या तासात पनीर आणि भरलेल्या मिरच्या ओव्हनमध्ये. ही सोय मला आजवर कधीच मिळाली नव्हती.

छाती कापताना पाटावर रस आला. मठ्ठा कुणीही मागितला नाही. काका यंदाही होते, त्यांनी दोनदा घेतली आणि काहीच बोलले नाहीत, पुणेकर असल्यामुळे ही दाद समजते. साबा म्हणाल्या, "माका ह्यो पाय दी," आणि एक अख्खी तंगडी शांतपणे संपवली. मग, "कोंबडेपेक्षा वाईच राठ. पण बरो."

फोटो राहिला कारण खरंच गाडीखाली आल्यासारखी दिसत होती आणि मी घाईने कापून टाकली.

एक तक्रार. छातीचा रस चांगला, पण चव किंचित हॅमसारखी लागली. ते टोचलेल्या द्रावणाचंच असणार. पुढच्या वर्षी न टोचलेली, आधी सांगून ठेवून.

खारीबिस्किट | ३० नोव्हेंबर, ११:१५

वा वा! धुराचं सांगायचं राहिलं, चूक माझी. मी ट्रेमध्ये नेहमी बटाटे पसरते, त्यामुळे मला कधी त्रास झालाच नाही आणि लक्षातही आलं नाही. साबांना माझा दंडवत. सांध्याची युक्ती पुढच्या वर्षी करणार, ओट्यावर चढायचं वय गेलं.

शंकेखोर | ३० नोव्हेंबर, १२:४०

"वा!" अखेर मिळाला का?

कढीलिंब | ३० नोव्हेंबर, १२:५२

कांद्यांना मिळाला.

सांगाडा आणि पाऊण किलो मांस उरलंय, काल रात्रीच दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकलं. पाटलीणबाई, रस्सा?

पाटलीणबाई | ३० नोव्हेंबर, १३:३०

त्यासाठीच तर टर्की करायची!

सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात, बुडेल इतकं पाणी, कांदा, आलं, चार मिरी, तमालपत्र. मंद आचेवर तीन तास. कुकरमध्ये पाऊण तासात होतंय, पण पातेल्यातलं बरं, वरचा फेस काढता येतो. गाळून घ्या. हे झालं आळणी.

निम्म्याचा पांढरा: तीळ, खसखस, काजू भिजवून गंधासारखं वाटायचं. तुपात लवंग, वेलदोडा, दालचिनी, त्यावर वाटण, मग आळणी, शेवटी नारळाचं दूध घालून एक वाफ, उकळी नाही. उकळलं की फुटतंय. निम्म्याचा तांबडा: भाजलेला कांदा-खोबरं, आलं-लसूण, तेलात कांदा-लसूण मसाला फुलवून आळणी ओता, तर्री वर आली पाहिजे. मांस शेवटच्या दोन मिनिटांत, ते आधीच शिजलेलं आहे, पुन्हा शिजवलं तर तुमचे काका पुन्हा मठ्ठा मागतील. मीठ चाखून. तुमच्या सांगाड्यात आधीच आहे.

मांस फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढं फ्रीजर.

कोथरूडच्या काकू | ३० नोव्हेंबर, २१:१८

पांढरा रस्सा नुसत्या भाज्यांच्या पाण्यावर होईल का गं?

पाटलीणबाई | ३० नोव्हेंबर, २१:२५

होईल की काकू. फ्लॉवरचे दांडे आणि कांदा उकळून घ्या. धुऊन. 😀